केबल पोचली, डॉक्टर पोचला का? बेटांवरची टेलिमेडिसिन आणि तिचा खरा खर्च

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)



आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय. हे गृहस्थ मूळचे रत्नागिरीकडचे, मालवाहू जहाजावर नोकरी करतात. त्यांनी थोडक्यात असं विचारलं, की आम्ही भर समुद्रात असतो, कुणी आजारी पडलं तर रेडिओवरून नाहीतर उपग्रह फोनवरून डॉक्टरचा सल्ला मिळतो. औषधपेटी जहाजावर असतेच, त्यातलं सांगितलेलं औषध आम्ही देतो. मग लक्षद्वीपसारख्या बेटावर डॉक्टरचा सल्ला पोचवायला हजार कोटींची केबल कशाला लागते?

झकास प्रश्न आहे. आणि एका वाक्यात उत्तर देता येणार नाही असा आहे. केबल लागते, हेही खरं. आणि नुसत्या केबलने भागत नाही, हेही तितकंच खरं. आज आपण या दोन खऱ्या गोष्टींच्या मधली जागा बघणार आहोत.

सुरुवातीलाच सांगून ठेवते. मी दूरसंचार क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, मी डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांची जी नावं येतील ती माहितीसाठी. उपचाराचा सल्ला म्हणून कुणी घेऊ नका.

तर आधी लक्षद्वीपचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर आत, अरबी समुद्रात विखुरलेली ३६ बेटं. सगळी मिळून जमीन किती, तर अवघी ३२ चौरस किलोमीटर. माणसांची वस्ती आहे ती १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती ६४,४७३. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी तालुक्याच्या गावाएवढी माणसं, पण ती दहा ठिकाणी वाटलेली, आणि मध्ये समुद्र. सगळ्यात लहान वस्तीचं बेट बित्रा. तिथे त्या जनगणनेत २७१ माणसं होती.

आता २७१ माणसांसाठी हृदयरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ नेमता येतील का? नाही येणार, आणि नेमले तरी ते तिथे बसून करणार काय? वर्षाला मोजके रुग्ण. हात चालता राहिला नाही तर तज्ज्ञाचं कौशल्यही गंजतं. म्हणून तज्ज्ञ मोठ्या गावात आणि रुग्ण बेटावर, ही परिस्थिती बदलणारी नाही. ती गृहीत धरूनच व्यवस्था उभी करावी लागते.

आणि रुग्ण हलवायचा म्हटलं तर? विमान उतरतं ते फक्त अगत्तीला. बाकी बेटांवरून जहाज नाहीतर हेलिकॉप्टर. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजाचा भरवसा नाही, आणि हवा बिघडली की हेलिकॉप्टरचाही नाही. त्यामुळे बेटावरच्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला सगळ्यात अवघड जाणारा प्रश्न कुठला, माहितीये? 'काय झालंय' हा नाही. 'हिला आत्ता हलवायचं, उद्या सकाळी हलवायचं, की इथेच ठेवायचं', हा. चुकीचं हलवलं तर आजारी माणसाचे हाल, घरच्यांचा खर्च, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाला हेलिकॉप्टर मिळत नाही. हलवलंच नाही तर कधी कधी माणूस जातो.

माझ्या मते टेलिमेडिसिनचं बेटावरचं पहिलं काम हेच आहे. हा एक निर्णय वेळेत आणि बरोबर व्हायला मदत करणं. सर्दी-खोकल्याच्या तपासण्या नंतर.

आता जोडणीकडे येऊ. आपल्या देशात हे काम आज सुरू झालेलं नाही. इस्रोने २००१ पासून टेलिमेडिसिनचे प्रयोग चालवले. उपग्रहाच्या साहाय्याने अंदमान, लक्षद्वीप अशा ठिकाणची रुग्णालयं मुख्य भूमीवरच्या मोठ्या रुग्णालयांशी जोडली. त्या काळाच्या मानाने फार मोठी गोष्ट होती ती. पण ते उपग्रह असतात जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर. तुम्ही बोललात की आवाज वर जातो, खाली येतो. समोरच्याचं उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली. यात अर्धा सेकंद सहज जातो. अर्धा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोन माणसं बोलताना सारखी एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात. शिवाय उपग्रहावरची जागा मोजकी आणि महाग, आणि तिथे बँक, पोलीस, मोबाइल, सरकारी कचेऱ्या सगळेच रांगेत.

मग समुद्राखालून केबल आली. आधी अंदमान-निकोबारला. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, आणि तिथून आणखी सात बेटं. लांबी सुमारे २,३०० किलोमीटर, खर्च सुमारे १,२२४ कोटी रुपये, आणि उद्घाटन १० ऑगस्ट २०२० ला. त्यानंतर कोची ते लक्षद्वीप, ११ बेटं, १,८६८ किलोमीटर, सुमारे १,०७२ कोटी रुपये. त्याचं उद्घाटन ३ जानेवारी २०२४ ला कवरत्तीत झालं.

आता जरा गणित मांडू. लक्षद्वीपच्या केबलचा खर्च तिथल्या २०११ च्या लोकसंख्येने भागला तर माणशी साधारण १ लाख ६६ हजार रुपये येतात. कुठली खासगी कंपनी आपल्या हिशोबाने हे करेल? तुम्ही असता तर केलं असतं का? गिऱ्हाईकाकडून हे पैसे वसूलच होणार नाहीत.

मग दिले कुणी? तर तुम्ही आणि मी. म्हणजे कसं, बघा. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग एका निधीत जातो. त्याचं नाव होतं सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यात त्याचं नाव झालं डिजिटल भारत निधी. सातारच्या माणसाने रिचार्ज मारला, नागपूरच्या बाईंनी बिल भरलं, की त्यातला थोडा वाटा शेवटी तिथे पोचतो. दोन्ही केबलींचा पैसा या निधीतून आला. तेव्हा लक्षद्वीपची जोडणी ही आपल्यासाठी परक्याची गोष्ट नाही. आपला त्यात पैसा आहे, आणि त्या पैशाचं पुढे काय झालं हे विचारायचा हक्कही आहे.

अमेरिकेतही तत्त्व असंच आहे. तिथल्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यात ग्रामीण दवाखान्यांसाठी खास तरतूद आहे. शहरातल्या दवाखान्याला जोडणी ज्या दरात मिळते, साधारण त्याच दरात खेड्यातल्या दवाखान्याला द्यायची, आणि दरातला फरक निधीतून भरायचा. अलास्कातले दवाखाने यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. फरक लक्षात घ्या. आपल्याकडे निधीतून मुख्यतः वाट बांधली गेली. तिथे निधी दवाखान्याच्या दर महिन्याच्या बिलातही हात घालतो. हा मुद्दा जरा बाजूला ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

आता आपल्या जहाजावरच्या मित्राचा मुद्दा. त्यांचं म्हणणं, कमी जोडणीत काम होतं. होतं ना! नव्वद वर्षं होतंय. रोममध्ये १९३५ साली ग्विदो ग्विदा नावाच्या डॉक्टरने एक केंद्र सुरू केलं. समुद्रावरच्या कुठल्याही जहाजाला रेडिओवरून फुकट वैद्यकीय सल्ला द्यायचा. त्याचे पहिले अध्यक्ष कोण होते? बिनतारी संदेशवाले मार्कोनी. ते केंद्र आजही चालू आहे. त्या काळात चित्र नाही, व्हिडिओ नाही, फक्त संदेश.

दुसरं उदाहरण समुद्रातलं नाही, पण एकटेपणा तोच आहे. ऑस्ट्रेलियाचा आतला भाग. शेकडो किलोमीटर माणूस नाही, मध्येच एखादं गुराढोरांचं ठाणं. तिथे १९२८ मध्ये विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पुढच्या वर्षी आल्फ्रेड ट्रेगर या माणसाने पायडल मारून चालणारा रेडिओ दिला, कारण वीज नव्हती. आणि १९४२ मध्ये त्यांनी एक फार साधी गोष्ट केली. प्रत्येक ठाण्यावर औषधांची एकसारखी पेटी ठेवली आणि आतल्या वस्तूंना आकडे दिले. डॉक्टर रेडिओवर औषधाचं अवघड नाव सांगत बसत नव्हते. अमुक नंबरचं औषध द्या, इतकं द्या, संपलं. खरखरत्या रेडिओवर नाव चुकीचं ऐकू येऊ शकतं, पण आकडा पुन्हा म्हणवून घेता येतो.

या दोन्ही गोष्टींतून मला जे दिसतं ते असं. सल्ला पोचवायला बारीकशी तार पुरते. पण तो सल्ला अमलात आणायला पलीकडे पेटी लागते, आणि पेटी उघडणारा हात लागतो. जहाजावर हे दोन्ही सक्तीने असतं. बेटावर असेलच असं नाही.

आता किती बारीक तार पुरते, तेही मोजून बघू. मला मोजायला आवडतं, तुम्हाला ठाऊकच आहे.

समजा सेकंदाला ६४ किलोबिटची जोडणी आहे. आजच्या मानाने ही अगदी रडतखडत चालणारी. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. साधं बोलणं? आरामात. ईसीजीच्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो, धरा २०० किलोबाइट. तो जाईल २५ सेकंदांत. छातीचा एक्स-रे आकसून २ मेगाबाइटचा केला, तर चार मिनिटं आणि वर दहा सेकंद. चहा टाकेपर्यंत गेला. सीटी स्कॅन मात्र दीडशे मेगाबाइटचा धरला तर पाच तासांहून जास्त. पण लहान बेटावर सीटी स्कॅनचं यंत्रच नसतं, तेव्हा तो प्रश्न आपोआप सुटला!

आणि व्हिडिओ? बऱ्यापैकी चित्र हवं तर सेकंदाला ५१२ किलोबिट तरी हवेत, म्हणजे आपल्या या तारेच्या आठपट. दहा मिनिटांच्या गप्पांना जवळजवळ ३८ मेगाबाइट लागतात. तेवढ्यात ईसीजीचे १९० फोटो गेले असते.

मग व्हिडिओ फालतू आहे का? नाही. मानसिक आजार असेल, लहान मूल कसं श्वास घेतंय ते बघायचं असेल, घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा असेल, तिथे व्हिडिओ हवाच. त्यासाठीच केबल लागते. रोज, दिवसभर, दहा दवाखान्यांतून एकाच वेळी बोलता यावं, शाळा, बँक आणि दवाखाना यांची एकमेकांत ओढाताण होऊ नये, यासाठीही लागते. जहाजावर वीस-पंचवीस धडधाकट माणसं असतात आणि जहाज कधीतरी बंदराला लागतंच. बेटावर म्हातारे असतात, गरोदर बायका असतात, मधुमेहाचे जुने रुग्ण असतात, आणि बेट कुठल्याच बंदराला लागत नाही. मित्रा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

पण जीव वाचवणारे कितीतरी निर्णय बारीक तारेवर होतात, हे विसरायचं नाही. एक उदाहरण घेऊ. समजा एका लहान बेटावर रात्री नऊ वाजता आठव्या महिन्यातली बाई येते. डोकं भयंकर दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय. परिचारिका रक्तदाब घेते. १६०/११०. लघवीत प्रथिनं आहेत. आता हिला झटके येऊ शकतात, आई आणि मूल दोघांच्या जिवाला धोका. तज्ज्ञाला कळवायला काय लागतं? दोन आकडे आणि चार वाक्यं. साधा फोन पुरे.

पण फोन ठेवल्यावर? जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे, की जिथे पूर्ण उपचार शक्य नाहीत तिथे मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्या आणि लगेच मोठ्या रुग्णालयात हलवा. औषध जुनं आहे, स्वस्त आहे. आता मोजा. रक्तदाबाचं यंत्र बरोबर दाखवतंय का? लघवी तपासायच्या पट्ट्या आहेत का? त्या इंजेक्शनच्या कुप्या कपाटात आहेत का, मुदत उलटली नाही ना? परिचारिकेने हे इंजेक्शन आधी कधी दिलंय का? हेलिकॉप्टर कुणी मागवायचं, आणि रात्री फोन कुणाला लावायचा, हे भिंतीवर लिहिलंय का? यातल्या एकाचं उत्तर 'नाही' असेल तर समुद्राखालून २०० गिगाबिट वाहत असले तरी त्या बाईला त्याचा उपयोग नाही.

याच्या उलट, सगळी उत्तरं 'हो' असली की काय होतं, ते बघायला लांब जायला नको. आपल्या शेजारी गोव्यात २०१८ पासून हृदयविकाराच्या झटक्यासाठी एक योजना चालते. गोवा म्हणजे काही दुर्गम बेट नव्हे, पण रचना शिकण्यासारखी आहे. लहान सरकारी दवाखान्यात छातीत दुखणारा माणूस आला की ईसीजी काढायचा. तो तिथूनच पाठवला जातो, दुसऱ्या टोकाला तज्ज्ञ बघून काही मिनिटांत सांगतात. झटका असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्याच लहान दवाखान्यात देतात, फुकट, आणि मग गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवतात. हे इंजेक्शन झटका आल्यापासून १२ तासांच्या आत द्यायचं असतं, आणि जितकं लवकर तितका हृदयाचा स्नायू वाचतो. या सगळ्यात जोडणीचा भाग किती? एक ईसीजी आणि एक निरोप. महाग वस्तू होती ती इंजेक्शन, आणि ते आधीपासून लहान दवाखान्यात नेऊन ठेवलेलं होतं. योजनेचा जीव तिथे आहे.

आता हाताबद्दल बोलू. पेटी उघडणारा हात.

अलास्कात दीडशेहून जास्त लहान गावं अशी आहेत की तिथे रस्ता जात नाही. विमान, बोट, हिवाळ्यात बर्फावरची गाडी. त्यात बेटांवरची गावंही आली. तिथे १९६८ पासून सरकारी पैशावर एक व्यवस्था चालते. गावातलीच एक बाई किंवा बुवा निवडायचा, टप्प्याटप्प्याने शिकवायचं, हाताशी एक जाडजूड पुस्तक द्यायचं, आणि रोज लांबच्या डॉक्टरशी बोलणं. पुढे त्यांच्या हातात कॅमेरा आला. कान दुखतोय म्हणून मूल आलं तर कानाच्या आतला फोटो काढायचा, माहिती लिहायची, पाठवून द्यायची. डॉक्टर त्यांच्या सवडीने बघून उत्तर पाठवतात. दोघांनी एकाच वेळी पडद्यासमोर बसायची गरज नाही. 'आधी साठवा, मग पाठवा' अशी ही पद्धत. जोडणी तुटक असली तरी चालते, रात्री स्वस्तात पाठवता येतं, आणि तज्ज्ञाचा वेळ वाया जात नाही.

गावातलं माणूस निवडण्याचा आणखी एक फायदा, भाषा. लक्षद्वीपमध्ये बहुतेक बेटांवर मलयाळमचा स्थानिक प्रकार बोलतात, पण मिनिकॉयची भाषा महल, ती मालदीवच्या भाषेची बहीण. निकोबारमध्ये तर निकोबारी. आपल्याच आजीचा विचार करा ना. 'पोटात कसंतरी होतंय', 'जीव घाबराघुबरा होतोय' हे परभाषेतल्या डॉक्टरला पडद्यावरून कसं सांगणार? मध्ये आपलं माणूस लागतं. ते माणूस नुसता दुभाष्या नसतो. म्हातारीला घरी कोण बघतं, गोळ्या वेळेवर घेते का, हे त्याला माहीत असतं.

आपल्याकडेही रचना तयार आहे, बरं का. ई-संजीवनी ही सरकारी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. त्यात आरोग्य केंद्रातली व्यक्ती रुग्णाला समोर बसवून मोठ्या डॉक्टरशी जोडून देते. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, रुग्णाला घरून थेट बोलता येईल असा दुसरा भाग आला. फुकट आहे. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. आणि २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत स्पष्ट म्हटलंय, की सल्ला व्हिडिओवर, नुसत्या आवाजावर किंवा लिहूनही देता येतो. कुठली औषधं कशा सल्ल्यावर लिहायची याच्या याद्याही आहेत. म्हणजे कायद्याने बारीक तारेला हरकत नाही. हरकत असते ती आपल्या डोक्यात. मोठा पडदा दिसला नाही की आपल्याला टेलिमेडिसिन झाल्यासारखं वाटतच नाही.

मी कामानिमित्त एका आरोग्य केंद्रात गेले होते. नाव सांगत नाही, आणि ते बेटावरचं नव्हतं. तिथे टेलिमेडिसिनचा संच होता, छान मोठा पडदा, कॅमेरा. त्यावर भरतकाम केलेलं कापड घातलेलं. मी विचारलं, चालतं का? तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, चालतं की. पण बॅटरी गेली तेव्हापासून लाइट असली तरच चालतं, आणि लाइट असते तेव्हा ओपीडीला गर्दी असते." बॅटरी किती रुपयांची? काही हजारांची. संच किती लाखांचा? विचारू नका. संच घ्यायला पैसे होते, बॅटरी बदलायला मथळाच नव्हता, म्हणजे खर्च टाकायचा कुठे, असा प्रश्न.

मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा हाच. वाट बांधायला एकदाच पैसे लागतात, आणि ते मिळतात, कारण उद्घाटन होतं. चालू ठेवायला दर महिन्याला लागतात, आणि बॅटरीचं उद्घाटन कुणी करत नाही. बेटावर तर खारा वारा. प्लगच्या पिना गंजतात, पंखे जाम होतात, एखादी सुटी वायर हवी तर पुढच्या जहाजाची वाट बघा. लक्षद्वीपमध्ये वीज बव्हंशी डिझेल जनित्रांवर, आणि ते डिझेलही समुद्रातूनच येतं. आपल्या मुंबईजवळचं घारापुरी आठवा. गेटवेवरून बोटीने तासाभराच्या अंतरावर, पण समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिथल्या तीन वस्त्यांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्र थोडा असला तरी तो असा मोजावा लागतो.

आणि केबल तुटली तर? हा भीतीचा बागुलबुवा नाही. १५ जानेवारी २०२२ ला टोंगा या पॅसिफिकमधल्या देशाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला. त्यांना जगाशी जोडणारी केबल तुटली आणि दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले. लाखभर लोकांचा देश. ज्या दिवशी दवाखान्यांवर सगळ्यात जास्त ताण, त्याच दिवशी तार गेली. म्हणून उतरती पायरी आधीच ठरवलेली हवी. व्हिडिओ नाही तर फोटो, फोटो नाही तर आवाज, इंटरनेटच नाही तर उपग्रह फोन किंवा रेडिओ. आणि दर महिन्याला एकदा मुद्दाम केबल बंद धरून सराव. जहाजावर आगीचा सराव करतात ना, तसाच.

थोडक्यात, एखाद्या बेटासाठी स्वस्त जोडणी म्हणजे काय, असं मला विचाराल तर मी मेगाबिटचा दर नंतर विचारेन. आधी हे विचारेन. रात्री दोन वाजता पलीकडे फोन उचलणारा तज्ज्ञ कोण, आणि त्याला त्या वेळेचे पैसे मिळतात का? बेटावर शिकलेलं, तिथेच राहणारं, पगार वेळेवर मिळणारं माणूस आहे का? औषधपेटी एकसारखी आणि भरलेली आहे का? बॅटरी, सुटे भाग आणि महिन्याचं बिल यांना अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ आहे का? आणि तार तुटली तर काय, हे ठरलंय का? या पाचांची उत्तरं असतील तर साधी जोडणीही पुरेशी स्वस्त पडते. नसतील तर फुकट मिळालेली जोडणीसुद्धा महाग.

हे प्रश्न फक्त लक्षद्वीपला विचारायचे नाहीत. आपल्या नंदुरबारमध्ये अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठची गावं आहेत. तिथे बोटीनेच जावं लागतं, सरकारचा तरंगता दवाखाना फिरतो. पाण्याने वेढलं की डोंगरही बेटच होतो. तुमच्यापैकी कुणी त्या भागात काम करत असेल, आशाताई असाल, सिस्टर असाल, बोटीवर असाल, तर मला नक्की लिहा. तुमच्याकडे या पाचांतल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे आणि कुठल्याचं 'नाही', एवढंच कळवलंत तरी पुढचा एक भाग त्यावर करता येईल.

आणि जहाजावरच्या मित्रा, तुमच्या औषधपेटीत काय काय असतं, ती कोण आणि किती दिवसांनी तपासतं, ते सविस्तर लिहून पाठवाल का? मला वाटतं, बेटांनी तुमच्याकडून शिकायची गोष्ट तीच आहे.

आजच्यापुरतं इतकंच. काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.